अकरावी केमिस्ट्री: पहिल्या दिवशी पोरांकडून काय मागू, आणि त्यांना काय देऊ?

रसशाळा:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, यंदाचं सतरावं वर्ष. दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मी एक कागद वाटते, त्यावर वर्गाचे नियम असतात, ७५ टक्के हजेरी, जर्नल वेळेत, लॅबमध्ये चपला नकोत, युनिट टेस्ट बुडवायची नाही वगैरे. पोरं तो कागद वहीत घालतात आणि परत कधी उघडून बघत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण त्यात त्यांच्या कामाचं काही नसतंच.

गेल्या वर्षी एक मुलगा होता, मराठी माध्यमातून आलेला, दहावीला विज्ञानात ९१. रोज १९ किलोमीटरवरून एसटीनं यायचा, एकही तास बुडवला नाही, वही अगदी स्वच्छ. पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ६. मी पेपर घेऊन त्याच्याजवळ बसले तर निम्मे प्रश्न कोरे. एका प्रश्नात होतं 'अकाउंट फॉर', म्हणजे कारण सांगा. तो म्हणाला, मॅडम मला वाटलं हिशोब मांडायचाय, म्हणून मी आकडे शोधत बसलो, आकडे कुठं दिसेनात म्हणून सोडून दिला. तोच प्रश्न मी मराठीत विचारला तर त्यानं फडाफडा उत्तर दिलं. म्हणजे केमिस्ट्री येत होती त्याला. मी त्या दिवशी घरी येऊन नीट जेवले नाही हो. सोळा वर्षांत अशी किती पोरं माझ्या हातून 'कच्ची' म्हणून गेली असतील.

म्हणून यंदा कागद बदलायचाय. दोन रकाने करायचेत, डावीकडे मी तुमच्याकडून काय मागते आणि त्याच्याच समोर उजवीकडे त्यासाठी मी तुम्हाला काय देते. आणि स्वतःला एक अट घातलीय, उजवा रकाना रिकामा राहिला तर डावीकडची अपेक्षा खोडून टाकायची. मागायचा हक्कच नाही मग.

आत्तापर्यंत जे लिहिलंय ते असं. मोल (डझनासारखंच, पण कण मोजायचं एकक) आणि समीकरणं दिवाळीपर्यंत पक्की पाहिजेत, तर पहिले तीन आठवडे नवीन धडा नाही, नववीचा 'द्रव्याचे मोजमाप' आणि दहावीचा 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' परत घेणार. उत्तरं इंग्रजीत लिहिता आली पाहिजेत, तर शब्दांची वेगळी वही वर्गातच करून घेणार आणि दिवाळीपर्यंत उत्तरात मराठी शब्द आला तरी मार्क कापणार नाही. टायट्रेशनचं (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण काढायचा प्रयोग) रीडिंग खरं पाहिजे, तर खरं रीडिंग चुकीचं आलं तरी मार्क पूर्ण. लॉगटेबल (कॅल्क्युलेटरशिवाय गुणाकार भागाकार करायचा तक्ता) बघता आलं पाहिजे, तर दर मंगळवारी पंधरा मिनिटं फक्त तेच. शंका विचारायच्या, तर मी मधल्या सुट्टीत लॅबमध्ये बसणार, कॉलेज सुटल्यावर नाही, कारण पाच दहाची एसटी चुकली तर पुढची पावणेसातला.

पालक, शिक्षक, पूर्वी शिकलेले, आत्ता शिकणारे, सगळ्यांनी सांगा काय राहिलंय आणि काय चुकतंय.

सोनचाफा:
ताई किती बरं वाटलं वाचून. माझी लेक पुण्यात अकरावीला आहे, इंग्लिश मिडीयमची आहे तरी हेच. दहावीला ९४ होते आणि आता रोज रात्री रडते की मला केमिस्ट्री येतच नाही, मी आर्ट्सला जाते. आम्हाला समजेना की दोन महिन्यात मुलगी एवढी ढ कशी झाली.

रसशाळा:
ढ नाही झाली ती. दहावीचं विज्ञान भाग १ काढून बघा, दहा धडे आहेत, त्यात केमिस्ट्रीचे चार, आवर्ती वर्गीकरण, अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. बाकी गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, प्रकाश, भिंगं, अवकाश मोहिमा. त्या ९४ मध्ये केमिस्ट्री किती होती ते त्यावरून समजेल. आणि मोल तर नववीत येऊन गेलेला असतो, दहावीत त्याला कोणी हात लावत नाही, आणि बालभारतीच्या २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात तो येऊन उभा राहतो, की हे तुम्हाला येतंय असं धरून पुढं जाऊ. एक वर्ष गॅप पडलेली गोष्ट कुणाच्या लक्षात राहील? तिला सांगा की ती मागं पडलेली नाही, तिच्या पायाखालची एक पायरी गाळलीय आपण मोठ्यांनी.

मोल समजला नसेल तर घरी एक करा. चार पिशव्या भरा, १२ ग्रॅम कोळसा, ५६ ग्रॅम लोखंडी खिळे, ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर. चारही पिशव्यांत एकेक मोल. आंब्यांसारखंच आहे, डझनभर रायवळ आणि डझनभर हापूस, वजन वेगळं पण नग बाराच. फक्त इथं नग बारा नाहीत, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढे आहेत. आणि १८ ग्रॅम पाणी, म्हणजे साधारण साडेतीन चमचे, एवढ्या पाण्यात तेवढे रेणू. मी पिशव्या वर्गात फिरवते, पोरं हातात घेऊन बघतात, तोलतात. हातात घेतलेली गोष्ट विसरत नाहीत.

घाटवाट:
मॅडम, तुमची तळमळ समजते. मी २८ वर्षं केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालो, बोर्डाच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणूनही बराच फिरलो. तरी मला काळजी वाटते म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मार्क कापणार नाही, मराठी चालेल, रीडिंग चुकलं तरी पूर्ण मार्क, हे सगळं ऐकायला छान आहे पण बारावीचा पेपर तुम्ही काढणार नाही. ७० मार्कांची थिअरी, तीन तास, कॅल्क्युलेटर बंद. दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन मार्कांचे बारापैकी आठ, चार मार्कांचे पाचपैकी तीन, शिवाय १८ मार्क ऑब्जेक्टिव्ह आणि एका वाक्याचे. तिथं प्रश्न इंग्रजीतच येणार, सरावच नसेल तर दिवाळीनंतर तुम्ही काय जादू करणार? मी पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिहून घ्यायचो, चुकू दे, पण लिही. आणि मुलं रडली तरी ऐकायचो नाही, कारण मला माहीत होतं की मार्चात ती माझे आभार मानतील.

जर्नलमध्ये खरं रीडिंग लिहायचं हे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. एका कॉलेजात मी गेलो होतो, वीस मुलांची बॅच, एकोणीस जणांचं ब्युरेटचं (मापाच्या खुणा आणि खाली नळ असलेली काचेची नळी) रीडिंग ९.८, ९.८, ९.८. एक मुलगी फक्त ९.६, ९.९, ९.८ लिहून घाबरून उभी होती, तिला वाटत होतं तिचंच चुकलंय. मी तिला सगळ्यात जास्त मार्क दिले. बाकीच्यांना विचारलं की पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला सल्फ्युरिक ॲसिडच का, हायड्रोक्लोरिक का नाही, एकालाही आलं नाही. परमँगनेट क्लोराइडचंच ऑक्सिडेशन करून क्लोरीन काढतं आणि रीडिंग बिघडतं, एवढंच उत्तर. ज्यानं टायट्रेशन मन लावून केलंय त्याला हा प्रश्न आपोआप पडतो.

तळकोकणी:
घाटवाट सरांच्या रीडिंगवरच्या मुद्द्याला माझं दोन्ही हातांनी अनुमोदन. मी लोटे एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये आहे, रोजचं काम टायट्रेशन. आमच्याकडं बीएस्सी झालेली मुलं जॉइन होतात, हुशार असतात, पण पहिले सहा महिने आमचा सगळा जोर एकाच गोष्टीवर जातो, दिसलं ते लिही. ९.७ आणि ९.९ आलं की हात आपोआप ९.८ कडं जातो त्यांचा. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर नाही, आकड्यावर आकडा गिरवायचा नाही, पान फाडायचं नाही. आकडे नीटनेटके करायची सवय मोडायला मला त्रास होतो कारण ती अकरावीत लागलेली असते, तिथं त्यांना शिकवलेलं असतं की सुंदर जर्नल म्हणजे चांगलं जर्नल.

रसशाळा ताई, तुमच्या कागदात हे घाला, रफ वही लॅबमध्ये, पेनानं, खोडरबर नाही. आणि तुम्ही स्वतः टेबलापाशी येऊन तिथंच सही करा.

ब्युरेट:
मी लॅब असिस्टंट, कोल्हापूरकडं, बावीस वर्षं झाली. सरमॅडम लोक लिहितात ते बरोबरच पण टेबलाच्या माझ्या बाजूनं पण दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे खोटं रीडिंग पोरं लबाडीनंच लिहितात असं नाही. वीस पोरं, चांगल्या ब्युरेट चौदा, बाकीच्यांचा नळ गळतो, दोघांत एक ब्युरेट, तास संपायला आला की दुसऱ्याची पाळीच येत नाही. मग तो शेजारच्याचं उतरवून घेतो. त्याला खरं लिही म्हणणार कसं? आधी त्याला ब्युरेट तर द्या. मी आता काय करतो, आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या ब्युरेट पाणी भरून स्टँडला लावून ठेवतो, सकाळी पाणी उतरलेलं दिसलं की ती बाजूला, नळाला ग्रीस लावून परत बघतो. तेवढ्यानं तीन चार तरी वाचतात.

दुसरं फुटण्याचं. पूर्वी आमच्याकडं काचेचं काही फुटलं की दंड घ्यायचे. एका पोरीनं पिपेट (द्रव मोजून ओढायची काचेची नळी) फुटली तर तुकडे ओढणीत गुंडाळून बॅगेत लपवले, तळहात कापला, रक्त थांबेना तेव्हा कळलं. दंड किती होता आठवत पण नाही, पण तिच्या घरी तेवढे पैसे मागायची तिला भीती वाटली. त्या दिवसापासून मी हेडसरांच्या मागं लागून दंड बंद केला. आता पहिल्या दिवशी मीच सांगतो, फुटलं की जागेवर उभं राहून हाक मारायची, काचेला हात लावायचा नाही, कुणी रागावणार नाही. तुमच्या कागदावर हे लिहा मॅडम, डावीकडं 'फुटलं तर लगेच सांगा' आणि उजवीकडं 'दंड नाही'.

अजून एक, सकाळी साडेसातच्या बॅचच्या पोरी उपाशी येतात. अमोनियाच्या वासानं चक्कर येते. काहीतरी खाऊन या हे पण नियमातच घाला. आणि पिपेट तोंडानं ओढायची नाही म्हणजे नाही, ओढायचा रबरी बल्ब नसेल तर सांगा, मी मेजरिंग सिलिंडर देईन, रीडिंग थोडं ढोबळ आलं तरी चालेल पण सोडियम हायड्रॉक्साइड तोंडात जायला नको.

रसशाळा:
ब्युरेट काका, दंडाचं मी आत्ताच लिहून घेतलं. आमच्याकडं अजून पावती फाडतात, उद्याच प्राचार्यांशी बोलते.

घाटवाट सर, राग कसला. इंग्रजीत लिहून घ्यायचंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण जो मुलगा 'प्रेसिपिटेट' शब्दाला अडून पूर्ण उत्तर सोडतो, त्याला मी सांगते की अवक्षेप लिही आणि पुढं जा, वाक्य पूर्ण कर. रिकामी जागा मला तपासता येत नाही सर, तिथं त्याला काय येतं हे मला दिसतच नाही. अवक्षेप लिहिलं तर मी वर लाल पेनानं इंग्रजी शब्द लिहिते, तो त्याच्या वहीत जातो. संहत म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड, विरल म्हणजे डायल्यूट, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, क्षपण म्हणजे रिडक्शन, समघटकता म्हणजे आयसोमेरिझम, हे शब्द त्यांनी दहा वर्षांत कमावलेले आहेत, ते टाकून द्या असं मला म्हणवत नाही, त्यांच्याच शेजारी नवा शब्द ठेवायचा. आणि विषयाच्या शब्दांपेक्षा प्रश्नातले शब्द जास्त दगा देतात, स्टेट, डिफाइन, डिराइव्ह, डिस्टिंग्विश, जस्टिफाय. या शब्दांवर मी एक पूर्ण तास घेणार आहे, कुठल्या शब्दाला किती आणि कसं लिहायचं. सतरा वर्षांत हा तास कधी घेतला नव्हता.

विदर्भकन्या:
मी मराठी माध्यमातून शिकलेली, आता फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात अकरावीला निम्मं वर्ष केमिस्ट्रीला कोणी नव्हतंच, जागा रिकामी. तासाला आम्ही खिडकीत बसायचो. गावातली ज्यांची ऐपत होती ती मुलं लातूरला, नागपूरला क्लासला गेली, त्यांचं नाव आमच्याच पटावर होतं पण ती कधी दिसली नाहीत. २०१८ ला सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता, पण पोरगं वर्गात आलं आणि समोर शिकवणारंच नसेल तर त्या अंगठ्याचा काय उपयोग?

मला तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान ज्या वाक्यानं झालं ते म्हणजे 'अकरावी रेस्ट इयर असतं'. शेजारचे, नातेवाईक, सिनियर, सगळे हेच म्हणायचे. सीईटीला २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं येतं म्हणून अकरावी सोडून द्या. पण बारावीचं इलेक्ट्रोकेमिस्ट्री उघडलं तर रेडॉक्स अकरावीतलं, आयॉनिक इक्विलिब्रिया उघडलं तर इक्विलिब्रियम अकरावीतलं, ऑरगॅनिकचे एकामागून एक धडे उघडले तर सगळ्याचं मूळ अकरावीच्या बेसिक प्रिन्सिपल्समध्ये. म्हणजे वीस टक्के नव्हेच ते. आणि नीटला तर दोन्ही वर्षं सारखीच. ताई, तुमच्या पहिल्या तासाला कागद वाटायच्या आधी हे सांगा. कुठला धडा पुढं कुठं लागतो याचा एक साधा तक्ता भिंतीला लावा, आम्हाला कोणी दाखवला असता तर मी अकरावी एवढी वाया घालवली नसती.

मी_बारावीत:
नमस्कार, मी बारावीला आहे सोलापूर जिल्हा. मोठ्यांच्या धाग्यात लिहू का माहीत नाही पण मॅडमनी आत्ता शिकणाऱ्यांनी पण सांगा म्हटलंय म्हणून लिहितो. आमच्या वर्गात लॉगटेबल कोणी शिकवलं नाही, मॅथ्सचे सर म्हणतात केमिस्ट्रीवाले शिकवतील, केमिस्ट्रीचे सर म्हणतात हे मॅथ्सचं आहे. कायनेटिक्सचं (अभिक्रियेच्या वेगाचा धडा) सगळं येतं, सूत्र येतं, किंमती बरोबर टाकतो आणि शेवटी लॉग आला की थांबतो. आणि अँटीलॉग काढताना उणे आकडा आला की बार कसा करायचा ते समजतच नाही. उदा उणे २.३०१०. विचारायची लाज वाटते कारण सगळ्यांना येतं असं वाटतं.

रसशाळा:
अरे बरं झालं लिहिलंस. आणि सगळ्यांना येत नाही, हे माझ्याकडून लिहून घे, माझ्या ८० च्या तुकडीत पहिल्या दिवशी सात आठ जणांना येतं.

बघ. टेबलमध्ये दशांशानंतरचा भाग नेहमी अधिक लागतो, उणे चालत नाही. म्हणून उणे २.३०१० मध्ये ३ मिळव आणि ३ वजा कर. ३ मधून २.३०१० गेले की उरले ०.६९९०. म्हणजे आकडा झाला उणे ३ अधिक ०.६९९०, यालाच बार ३ पॉइंट ६९९० म्हणतात. बार फक्त ३ वर आहे, पुढच्या भागावर नाही. आता अँटीलॉगच्या टेबलात .६९९० बघ, ५.००० मिळतील. बार ३ म्हणजे १० चा उणे ३ वा घात. उत्तर ५ गुणिले १० चा उणे ३ वा घात. संपलं.

आणि दोन आकडे पाठच कर, २ चा लॉग ०.३०१० आणि ३ चा ०.४७७१. यातून ४, ६, ८, ९ चे आपोआप निघतात, ५ चा सुद्धा, १ मधून २ चा वजा केला की ०.६९९०. हायड्रोजन आयनची कॉन्सन्ट्रेशन २ गुणिले १० चा उणे ३ असेल तर पीएच (आम्लता सांगणारा आकडा) म्हणजे ३ वजा ०.३०१०, साधारण २.७०. टेबल उघडायची गरजच नाही. उद्या पाच गणितं कर आणि इथंच उत्तरं टाक, मी बघते.

मी_बारावीत:
मॅडम समजलं. खरंच समजलं. शून्यातून नाही तर पुढच्या पूर्ण आकड्यातून वजा करायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

सोनचाफा:
मी पण वहीत उतरवून घेतलं लेकीसाठी. ताई अजून एक विचारते, तिच्या क्लासवाले म्हणतात एका मोल वायूचं आकारमान २२.७ लिटर आणि कॉलेजातल्या गणितात २२.४ घेतात, तिनं कॉलेजात २२.७ लिहिलं तर चूक दिली, तिला वाटतं आता कुणाचंच खरं नाही.

रसशाळा:
दोन्ही बरोबर आहेत, दाब वेगळा आहे. ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअरला २२.४, आणि ० अंश आणि १ बारला २२.७. एसटीपीची, म्हणजे प्रमाण तापमान आणि दाबाची व्याख्या आयुपॅक या केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८२ ला बदलून १ बार केली, पण जुनी गणितं तशीच राहिली. तिला सांगा उत्तरात पहिली ओळ लिहायची की मी अमुक दाब धरला आहे. मग कुठल्याही तपासणाऱ्याला मार्क कापता येऊ नयेत. आणि चूक देणाऱ्या शिक्षकांना तिनं शांतपणे जाऊन विचारावं, कोणी तिला ओरडणार नाही एवढं तरी आपण शिक्षकांनी पाळायला पाहिजे.

न्यूजर्सीकर:
माझा मुलगा इथं हायस्कूलला केमिस्ट्री घेतोय. इथं वर्षाच्या सुरुवातीला लॅब सेफ्टीचा कागद मुलगा आणि पालक दोघांनी सही करून द्यावा लागतो, गॉगल नसेल तर प्रयोगाला उभंच करत नाहीत. त्याच्या शाळेत टेस्ट बिघडली तर आधी चुका दुरुस्त करून दाखवायच्या मग परत टेस्ट देता येते. त्याला पहिल्या टेस्टला डी आला होता, चुका लिहून काढताना त्याला समजलं की आपलं फक्त युनिट बदलताना चुकतंय, बाकी सगळं येतंय. पण इथं वर्गात २४ मुलं आहेत, तुमच्या ८० ला हे कसं जमेल मला कल्पना नाही.

घाटवाट:
रीटेस्टला माझा विरोध आहे. बोर्ड रीटेस्ट देत नाही.

विदर्भकन्या:
देतं की सर. जुलैची पुरवणी परीक्षा आहे, श्रेणीसुधार आहे. तिथं सुद्धा दुसरी संधी आहे, मग अकरावीच्या २५ मार्कांच्या टेस्टला का नको?

घाटवाट:
हो, तो मुद्दा मान्य. पण मग पूर्ण पेपर परत नको. ज्या प्रश्नात चुकला त्याच जातीचा एकच प्रश्न द्या, दहा मिनिटात सोडवेल, ८० मुलांचं तपासणं पण झेपेल. आणि आधीचा मार्क खोडू नका, शेजारी नवा लिहा, म्हणजे किती वर चढला ते त्याला दिसेल. मी स्वतः कधी केलं नाही हे, पण लिहिता लिहिता वाटतंय की करायला हवं होतं. त्या ९.६, ९.९ वाल्या मुलीसारखी किती मुलं गप्प उभी राहिली असतील माझ्या वर्गात.

रसशाळा:
सर हे फार छान सुचवलंत, असंच करते. चूक त्यांनी स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहायची, मराठीत चालेल, आणि मग तो एक प्रश्न.

तळकोकणी:
लिमिटिंग रिएजंटला पोरं अडतात का हो अजून? माझ्या आईनं मला शिकवलेलं सांगतो, ती सातवी शिकलेली. होळीला पुरणपोळ्या करताना तिनं विचारलं, कणकेचे गोळे बारा आणि पुरणाचे नऊ, पोळ्या किती? नऊ. कणीक तीन गोळे उरली. बारावीत सरांनी लिमिटिंग रिएजंट शिकवला तेव्हा मला एकदम ते पुरण आठवलं. जे आधी संपतं त्यावर सगळं ठरतं, जास्त काय आहे ते बघायचंच नाही.

ब्युरेट:
एक नंबर. आमच्या मॅडमना सांगतो उद्या.

रसशाळा:
(सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय.)
२०२५ ला प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले तेव्हा आमचे वर्ग ऑगस्टात सुरू झाले होते, यंदा पण उशीरच झाला, पण कागद वाटला. तुम्हा सगळ्यांचं त्यात आहे, दंड नाही हे प्राचार्यांनी एका मिनिटात मान्य केलं, मीच कधी विचारलं नव्हतं. खोडरबर नाही, खाऊन या, एक प्रश्नाची रीटेस्ट, भिंतीवरचा तक्ता, सगळं. तिसरा रकाना मी ऐनवेळी वाढवला, कोरा, त्यात पोरांनी लिहायचं की मॅडमकडून अजून काय पाहिजे, नाव न घालता.

७४ कागद परत आले. फळ्यावर लिहून झालं की लगेच पुसू नका, हे तर बावीस जणांनी लिहिलंय. पुढच्या दोन बाकांनाच प्रश्न विचारता, हे पण. एकीनं लिहिलंय, घरी पाहुणे आले की माझा अभ्यास होत नाही, रविवारी कॉलेज उघडं ठेवाल का. त्याचं काय करायचं अजून ठरलेलं नाही, वॉचमन दादांशी बोलणं चालू आहे.

आणि अकरा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलंय, की नववीत 'द्रव्याचे मोजमाप' त्यांच्या शाळेत घेतलाच गेला नव्हता, कुठं सर नव्हते, कुठं शेवटी राहून गेला. म्हणजे मी 'परत घेणार' म्हणत होते आणि त्यांच्यासाठी ती पहिलीच वेळ. म्हणून तीनचे चार आठवडे केले. धड्याची पीडीएफ मोबाईलवर मिळते पण बऱ्याच घरात मोबाईल वडलांसोबत शेतावर नाहीतर कामावर जातो, रात्री हातात येतो. मला नववीची जुनी विज्ञानाची पुस्तकं हवीत, मराठी माध्यमाची, पानं सुटी झालेली चालतील. कुणाकडं आहेत का?

सोनचाफा:
भाचीची दोन आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. लेकीनं काल स्वतःहून पिशव्या भरल्या, साखरेची पिशवी बघून म्हणाली एवढी मोठी का गं, आणि मग स्वतःच रेणुवस्तुमान काढत बसली.

घाटवाट:
आमच्या जुन्या शाळेच्या कपाटात सात आठ तरी निघतील. शिपायाला सांगितलंय, शनिवारी एसटीच्या पार्सलनं पाठवतो, पत्ता व्यनिमध्ये द्या.

मी_बारावीत:
मॅडम माझं नववीचं पुस्तक आहे माझ्याकडं, पण त्यात पेन्सिलीनं उत्तरं लिहिलीत. चालेल का?

रसशाळा:
चालेल रे. ती उत्तरं खोडू नकोस, तशीच पाठव.